पंखांना मुदत नसते

संपत,

काल तुला पोचवून आलो, अंघोळ केली आणि पोटभर जेवलो. तुझ्या गावाहून पाटण, पाटणहून कराड, कराडहून सांगली, आणि दिवस मावळायच्या आत ताटावर हजर. आमच्या जैनांच्या घरात सूर्य बुडाला की जेवण बंद, हे तुला ठाऊक. त्यावरून तू जन्मभर माझी टर उडवलीस. "सुक्याचं पोट फक्त दिवसा उडतंय, रात्री उडायचं नाइट रेटिंग न्हाई त्याला," असं चारचौघांत सांगायचास. काल घास तोंडात असताना नेमकं तेच आठवलं आणि ठसका लागला. बायको तांब्या घेऊन धावली. तिला वाटलं, आता हा रडणार.

मी म्हटलं, "सुटला गं."

ती म्हणाली, "व्हय, लय हाल झालं भावजींचं."

"मी पण सुटलो."

तिनं आणखी थोडा भात वाढला आणि मी तोही खाल्ला.

तुझे हाल मी पाहत होतो. शेवटचे काही महिने तुला आडवं होता येत नव्हतं. साताऱ्याच्या त्या पुढच्या खोलीत उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्याच तुझा डोळा लागायचा. नाकात ऑक्सिजनची नळी. मी आलो की नळीकडे बोट दाखवून म्हणायचास, "लय उंचावर आलोय वाटतं रं." हसायला जायचास आणि धाप लागायची. मग मंगलवहिनी तुझ्यावर डोळे वटारायच्या आणि माझ्यावरही. त्यामुळे तू गेलास तेव्हा पहिल्यांदा जे वाटलं ते हेच, की आता याला श्वासासाठी झगडावं लागणार नाही. याची मला लाज वाटत नाही. तू माझ्या जागी असतास तर तूही हेच म्हणाला असतास, फक्त जरा मोठ्यानं.

पण मी सुटलो ते वेगळ्या कारणानं. माझ्या मनात इतकी वर्षं एक खुपत होतं. तुला उडायचं होतं आणि मी तुला अडवलं होतं. पुढं सगळं सुरळीत झालं, आपण पुन्हा बोलू लागलो, पण त्या दिवशी मी बरोबर होतो असं तू कधी म्हणाला नाहीस आणि मी विचारलं नाही. हा माणूस 'सुक्यानं मला अडवलं' हे मनात घेऊन तर जाणार नाही ना, एवढीच मला धास्ती होती. काल ती धास्ती गेली. कशी गेली ते शेवटी सांगतो. तुला ठाऊकच आहे, पण मला सांगू दे.

साताऱ्याच्या बोर्डिंगात आपली गाठ पडली. तू डोंगरातल्या वाडीवरचा, मी सांगलीच्या हळदीच्या पेढीवरचा. तू सुट्टीवरून येताना कोंबडीचं सुकं आणायचास आणि मी नाक मुरडून बाक बदलायचो. तरी कसं जमलं कोण जाणे. दोघांनाही विमानाचं वेड, एवढंच एक कारण असावं. वायुदलाच्या निवडीला आपण एकत्र गेलो. तिथं ती यंत्रावरची परीक्षा होती. खुर्चीत बसायचं, हातानं आणि पायानं पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी सांभाळायचा. ती परीक्षा जन्मात एकदाच देता येते. त्या खुर्चीत तुमचा ठिपका पळाला की संपलं, पुन्हा वायुदलाच्या पायलटची वाट तुमच्यासाठी उघडत नाही. तुझा ठिपका हलला नाही. माझा पळाला.

परतीच्या एसटीत तू मला खिडकी दिलीस. साताऱ्यापर्यंत तू क्रिकेटवर बोललास, बोर्डिंगातल्या मेसच्या आमटीवर बोललास, विमान हा शब्द तोंडातून काढला नाहीस. ते तुझं वागणं मी विसरलो नाही. तुझ्यावर रागावायची वेळ आली की मी ती एसटी आठवायचो.

मग तू फौजेच्या वाटेनं गेलास आणि मी फ्लाइंग क्लबच्या. वडिलांनी डोक्याला हात लावला. "हळदीचा ढीग हाय आपला, तो सोडून हे पाखराचं धंदं," म्हणाले, पण शिकू दिलं. तुला पायलटचे पंख मिळाले त्या परेडला मी आलो होतो. कडक गणवेशाच्या डाव्या छातीवर वरिष्ठांनी ते पंख टाचले आणि तुझ्या आईनं माझ्या दंडाला एवढ्या जोरात धरलं की वळ उठला. संध्याकाळी मी तुला माझं नवंकोरं लायसन दाखवलं. तेव्हा ती एक पुस्तिका असायची, रेशनकार्डासारखी. तू ती उलटीपालटी केलीस आणि विचारलंस, "गहू किती मिळतात रं ह्याच्यावर?"

तिथून वाद सुरू झाला. तो आपण रजेच्या दिवसांत, साताऱ्यातल्या मिसळीवर, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं सापडू तिथं घातला. तू म्हणायचास, पंख एकदा मिळाले की मिळाले, ते मेल्यावरसुद्धा कुणी काढून घेत नाही. आणि तुझं ते लायसन दर काही महिन्यांनी डॉक्टरपुढं जीभ बाहेर काढून दाखवल्याशिवाय जिवंत राहत नाही. मी म्हणायचो, अरे, डॉक्टर तुम्हालाही तपासतात. तू म्हणायचास, तपासतात, पण पंख उतरवत नाहीत, फार तर ऑफिसातल्या खुर्चीवर बसवतात. मी म्हणायचो, तुला विमान सरकार देतं, पेट्रोल सरकार देतं, कुठं जायचं ते सरकार सांगतं. माझ्या शेजारी बसणारा माणूस मला ओळखतही नाही, तरी जीव माझ्या हातात देतो, आणि त्याला माझ्याबद्दल भरवसा देणारं ते एवढंसं पुस्तक असतं. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "टॅक्सीवाला हायेस तू, टॅक्सीवाला." आणि माझं ठरलेलं, "अन् तू ट्रकवाला." कारण तू मालवाहू विमान चालवायचास, उत्तरेच्या डोंगरांत जवानांना रॉकेल, पीठ, भाज्या पोचवायचास. हे ट्रकवाला ऐकून तू खूश व्हायचास. खरंच व्हायचास.

मंगलवहिनींना या वादात रस नव्हता. त्यांचं एकच म्हणणं होतं. लग्नानंतर तू त्यांना शब्द दिला होतास, तुला शेजारी बसवून आपल्या गावावरून नेईन. आणि सबंध नोकरीत तो पाळता आला नाही. कसा येणार? फौजेच्या विमानात फौजेचं काम. एका बदलीच्या वेळी परवानगी काढून तू त्यांना त्या मालवाहू विमानात बसवलं होतंस, मागच्या लांब बाकावर, सामानाच्या जाळीला टेकून. तू पुढं कॉकपिटमध्ये. त्या प्रवासाचं वर्णन वहिनी सगळ्यांना सांगायच्या. "इमानात बसले खरी, पर काय दिसलं? समोरच्या हवालदाराचं त्वांड. आन् त्यो बी झोपला हुता."

आपण सगळे हसायचो. पण तू हसायचास ते उशिरानं, हे मी पाहिलं होतं. उभ्या देशाचं पीठ वाहून नेलेल्या माणसाला बायकोसाठी एक खिडकी मिळाली नव्हती.

म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलंस आणि थोड्याच दिवसांत कराडच्या धावपट्टीवर आलास. मी तेव्हा तिथल्या क्लबात विमान चालवायला शिकवत होतो, अजून शिकवतो. तू गेटमधून आलास तो थेट चार जणांच्या त्या छोट्या विमानाकडे, त्याच्या पंखाखालून फिरलास, टायर दाबून पाहिलंस, जणू ते कालपर्यंत तुझ्याच गोठ्यात बांधलेलं होतं. क्लबचे मालक आधीच हात जोडून उभे. ते माझ्या कानात म्हणाले, "साहेबांना कसली परीक्षा? घेऊ दे की वहिनींना, मारून येतील एक चक्कर."

तू हात पुढं केलास. "काय रं, किल्ली दे."

मी म्हटलं, "लायसन?"

तू हसलास. मग पाहिलंस की मी हसत नाहीये.

"ह्या छातीवर सरकारनं काय लावलं हुतं? जत्रंतला बिल्ला?"

"ते फौजेच्या विमानापुरतं, संपत. ह्यात वहिनींना बसवायचं तर लायसन पायजे. तुझी उड्डाणं धरतील, बऱ्याच विषयांत सूट मिळंल. नियमांचा पेपर द्यावा लागंल, मेडिकल, आन् एक चाचणी."

"मी कुठं कुठं इमान उतरवलंय, ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय. म्हणूनच म्हणतो, जड जाणार न्हाई."

मग तू ते बोललास. सावकाश, शब्द मोजून. "एकदाच द्यायची परीक्षा ज्याला जमली न्हाई, त्यो मला परीक्षा द्यायला सांगतोय."

मालक तिथून बाजूला झाले. मी किल्ली खिशात टाकली. तू गाडीत बसलास आणि गेलास. वहिनी पुढच्या सीटवर होत्या, नवी साडी नेसून आलेल्या. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, पण पाहिलं. संपत, तुझ्या बोलण्यापेक्षा मला ती साडी जास्त लागली.

त्या वर्षीची हळद शिजली, वाळली, सौद्याला गेली, तरी तुझा फोन नाही. मीही केला नाही. बायको म्हणायची, एवढा फौजी माणूस, द्यायची की एक चक्कर, कोण बघतंय. तिला मी सांगायचा प्रयत्न केला. तुला विमान चालवता येत नाही असं मला कधीच वाटलं नव्हतं. तू माझ्यापेक्षा सरस होतास, हे त्या खुर्चीतल्या ठिपक्यापासून मला माहीत होतं. पण फौजेतल्या आकाशात प्रत्येकाला तू ठाऊक होतास. इथल्या आकाशात तुला कुणी ओळखत नाही, तू कुणाला ओळखत नाहीस, आणि सगळ्यांनी एकाच नियमानं वागायचं एवढ्या एका भरवशावर सगळी विमानं फिरत असतात. हे तुला समजावून सांगायला मला वेळ मिळाला नाही. तू गाडी वळवून गेला होतास.

आणि मग एका सकाळी मी वर्गात गेलो तर पहिल्या बाकावर तू. चष्मा लावून, नियमांचं ते जाडजूड पुस्तक पुढ्यात उघडून. शेजारी विशीतली पोरंपोरी अंग चोरून बसलेली. मी फळ्याकडे वळलो तेव्हा मागून तुझा आवाज आला, "सुक्या, तुमच्यात नापास झालं तर परत बसता येतंय म्हणं?"

"येतं."

"कितीबी येळा?"

"कितीही वेळा."

"मग बरं हाय," म्हणालास आणि पुस्तकात डोकं घातलंस. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत तू माझी क्षमा मागितल्याचं मला आठवत नाही. ती ही एकदाच. मला पुरेशी होती. मी बराच वेळ फळा पुसत राहिलो.

आणि तू खरंच नापास झालास! कराडला ही बातमी पसरली तेव्हा पोरांचे चेहरे असे पडले की जणू तीच नापास झालीत. दोन विमानं आडवी एकमेकांच्या वाटेत आली तर वाट कुणी द्यायची, असा साधा प्रश्न तू चुकवलास. ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान दिसतंय, त्यानं द्यायची. पोरंसुद्धा झोपेत सांगतील. तू घरी येऊन माझ्याशी हुज्जत घातलीस. "आरं, ज्याच्याकडं महत्त्वाचं काम हाय त्यो फुडं जाणार. वर जवान उपाशी बसल्यात आन् मी कुणा हौशी गड्याला वाट देऊ व्हय?" मी म्हटलं, "इथं सगळेच हौशी, संपत. तूसुद्धा." मग स्वतःशीच म्हणालास, "व्हय की. मीसुदिक." दुसऱ्या खेपेला तू पास झालास आणि वर्गात पेढे वाटलेस. पंख मिळाले तेव्हा तू पेढे वाटले नव्हतेस, हे मी तुला आठवण करून दिलं. तू म्हणालास, तवा ऐट हुती.

पण तुझा खरा रोग दुसराच होता. विमानात बसलास की पट्टा बांधायच्या आधी तुझा हात उंचीच्या काट्याकडे जायचा. त्या घड्याळाला एक नॉब असतो, तो फिरवून उंची कुठून मोजायची ते ठरवता येतं. तुमच्या तळावर तो असा लावायची रीत, की धावपट्टीवर उभं असताना काटा शून्यावर. म्हणजे उंची आपल्या जमिनीपासून. आमच्याकडे समुद्रापासून मोजायची. त्यामुळे कराडच्या धावपट्टीवर विमान चाकांवर उभं असतानाही आमचा काटा दोन हजार फुटांच्या जरा खाली दाखवतो. तुला ते पाहवायचं नाही. तू नॉब फिरवत राहायचास, शून्य आणायला, आणि आपल्या त्या जुन्या घड्याळाचा नॉब तेवढा मागं जायचाच नाही, अडायचा. "ह्याला आपली जमीनच घावंना," म्हणून चिडायचास.

मी बजावून सांगायचो. "खालून सांगणारा म्हणाला चार हजारावर राहा, तर कुणाचं चार हजार? तुझं गावापासून, दुसऱ्याचं समुद्रापासून, आणि दोघं एकाच डोंगरावर. सगळ्यांचं शून्य एका ठिकाणी पाहिजे."

"जिथनं उडालो आन् जिथं परत यायचंय, ती जमीन म्हणजे शून्य," तू म्हणायचास. "समुद्र मी बघितला तवा मी एवढा घोडा झालो हुतो. तिथनं मोजू व्हय माझी उंची?"

"मोज. आणि आपली जमीन किती खाली आहे ते पाहिजेच असेल तर मनात वजाबाकी कर."

"उडू का वजाबाकी करू?"

"दोन्ही. त्याचंच लायसन देतात."

चाचणी घ्यायला बाहेरचे परीक्षक आले त्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीत उभा, विमान अगदी समोर. ते तुझ्या शेजारी बसले. तुझा हात त्या नॉबकडे गेलेला मला काचेतून दिसला. हात तिथं थांबला. मग तू तो नॉब उलटा फिरवलास, पुढं, समुद्राकडे. मला शेजारच्या टेबलावरचा गार झालेला चहाही गोड लागला.

खासगी पायलटचं लायसन आलं. त्यावर कमाई करता येत नाही, पण आपल्या माणसाला शेजारी बसवून नेता येतं. तुला तेवढंच पाहिजे होतं. ज्या दिवशी वहिनींना न्यायचं ठरवलंस, मी म्हटलं, मीही येतो मागच्या सीटवर, सोबत. तू म्हणालास, "का? लायसन न्हाई व्हय माझ्याकडं?" मी बाजूला झालो. वहिनी तीच साडी नेसून आल्या होत्या. मी त्यांना खिडकीशी बसवलं, पट्टा बांधला. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि मग मला विचारलं, "भावजी, ह्यांना येतंय न्हवं चालवायला?"

तुम्ही कोयनेच्या बाजूला गेलात. तिकडं डोंगरावर थोडे ढग होते, फार नाहीत. मी धावपट्टीच्या कडेला दगडावर बसलो आणि तुमच्या दिशेला बघत राहिलो. मी इतक्या जणांना पहिल्यांदा एकटं सोडलंय, पण असा बसलो नव्हतो कधी. मन म्हणत होतं, हा आता वर गेलाय, जुना हात आहे, जुनी खोड आहे, गावाजवळ जाताच नॉब फिरवणार. मग विमान दिसलं. आधी ठिपका, मग पंख. अगदी हळू, शहाण्यासारखं, वळसा घेऊन आलं आणि उतरलं. मी दगडावरून उठलो तर पायाला मुंग्या.

वहिनी उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "घर दिसलं. वाळवण घातल्यालं बी दिसलं. पर ह्ये वर गेल्यावर एक सबूद बोललं न्हाईत. घरात तर त्वांड थांबत न्हाई."

मी आत वाकून काट्याकडे पाहिलं. तो समुद्रावरच होता. तू मला पाहताना पाहिलंस.

"बघतोस काय? हात लावला न्हाई त्याला."

"मग बोलला का नाहीस वहिनींशी?"

"वजाबाकी करत हुतो," तू म्हणालास.

त्यानंतर तू बऱ्याचदा उडालास. प्रत्येक वेळी वहिनी खिडकीशी. मग हृदयाचं निघालं आणि डॉक्टरांनी मेडिकलवर सही केली नाही. लायसन कपाटात गेलं. मला वाटलं होतं, तू आकाशपाताळ एक करशील. तू नुसतं म्हणालास, "बरोबर हाय त्यांचं. बायको बसती शेजारी." मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला आणि मी तो बोलून दाखवला नाही. आता दाखवतो.

शेवटच्या भेटीत तू मला विचारलंस, "तुझं मेडिकल कवा हाय?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. तू म्हणालास, "जा बाबा. टाळू नको." मग बराच वेळ श्वास गोळा करत बसलास आणि म्हणालास, "पंखांना मुदत नसती सुक्या. माणसाला असती. तुमच्या लायसनला ते ठावं हाय." मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण वहिनी पेज घेऊन आल्या आणि तुझी आणि त्यांची कमी मीठ-जास्त मिठावरून जुंपली. ते राहिलंच. त्या दिवशी त्या खुर्चीतला ठिपका पळाल्यावर मी किती रात्री रडलो, तेही सांगायचं राहिलं. तुझे पंख एकदा हातात घेऊन बघायचे होते, तेही. तू दिले असतेस. मी मागितले नाहीत, कारण ते मागून घ्यायची वस्तू नाही.

आणि काल. गावात तुला नवा पांढरा सदरा, डोक्याला पटका. जुने सैनिक जमलेले, पाठी ताठ करून उभे. तुझे चुलतभाऊ आतून पंख घेऊन आले, म्हणाले, छातीवर लावा, फौजेचा मान आहे. वहिनींनी हात आडवा केला.

"पंख घरात ऱ्हाऊ द्यात. ह्यांनी सांगितलंय." मग कनवटीतून तुझं लायसन काढलं. "हे खिशात द्या."

चुलतभाऊ गोंधळले. "आवं वहिनी, हे कशाला? आन् पंख?"

"म्हणालं, पंख मिळालं तवा मी पोरगा हुतो, सरकारला पायजे हुतो म्हणून निवडलं. लायसन म्हातारपणी मिळालं, सुक्यानं अडवलं म्हणून. ते मी घिऊन जाणार." वहिनी हे अगदी सपाट आवाजात बोलल्या, निरोप सांगावा तसं. त्यांनी लायसन तुझ्या खिशात घातलं आणि खिसा वरून हातानं सारखा केला.

तिथं माझ्या मनावरचा दगड उतरला, संपत. सगळ्या माणसांत, भर उन्हात, मी मोठ्यानं श्वास सोडला. शेजारच्या सुभेदारांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं हुंदका आहे.

मग वहिनी माझ्याजवळ आल्या आणि पदर तोंडाशी धरून हळूच विचारलं, "भावजी, ह्यांच्या मेडिकलची मुदत संपलीया. चालंल न्हवं?"

"चालंल, वहिनी."

"न्हाई, तुमी अडवता म्हणून इचारलं."

आम्ही दोघंही हसलो. तुला खांदा द्यायच्या आधी, तुझ्या अंगणात, सगळ्यांदेखत. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

आज सकाळी कराडला गेलो. वर्ग उशिराचा होता. विमान बाहेर काढलं, एकटा बसलो, खिडकीकडची सीट रिकामी. माझा हात आपसूक त्या नॉबकडे गेला, पण मी तो फिरवला नाही. उडालो, कोयनेच्या बाजूला गेलो. तुझं गाव दिसलं. पत्रा उन्हात चकाकत होता, अंगणात अजून माणसं होती, आणि नदीकडे काल जिथं तुला ठेवलं तिथं एक काळा डाग. त्यावर एक वळसा घेतला. खालून रेडिओवर कुणीतरी माझी उंची विचारली. मी समुद्रापासूनची सांगितली, लायसनवाल्यानं सांगावी तशी. मग दुसरा वळसा घेतला आणि कुणाशी काही बोललो नाही.

वजाबाकी करत होतो.